'उद्या दुप्पट': एका रखडलेल्या प्रबंधाचा प्रकरण अभ्यास

पूर्णवेळ नोकरी, घरात शाळकरी मूल आणि सहा वर्षांपासून चाललेली पीएचडी. सर्वेक्षण पूर्ण झालेलं, पहिले दोन चॅप्टर मार्गदर्शक मॅडमनी वाचून परत केलेले, संदर्भांची यादीही नीट लावलेली. घोडं अडलं होतं तिसऱ्या चॅप्टरपाशी, आणि तिथे ते दीड वर्ष अडून होतं. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळेल याची खात्री नव्हती. या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी समस्या नव्हे, थेट निदानच सांगितलं: "माझ्यात चिकाटीच नाही. त्यावर काही उपाय असेल तर सांगा." (ओळख पटू नये म्हणून त्यांचा विषय, कामाचं स्वरूप आणि काही तपशील इथे बदलले किंवा गाळले आहेत.)

हे निदान मला पटलं नाही. चिकाटी नसलेलं माणूस नोकरी सांभाळून दारोदार फिरत शेकडो प्रश्नावल्या भरून आणत नाही. म्हणून उपायाचं नंतर पाहू असं ठरवलं आणि आधीच्या प्रयत्नांचं काही लेखी शिल्लक आहे का, ते विचारलं. त्या पुढच्या भेटीला डायऱ्यांचा गठ्ठाच घेऊन आल्या.

प्रत्येक डायरीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत उद्दिष्ट: 'या वर्षी प्रबंध सबमिट.' खाली रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक. पहाटे पाच ते सात लेखन, रात्री नऊ ते दहा वाचन, रविवार पूर्ण दिवस. पुढची काही पानं भरगच्च, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. मग एका पानावर फक्त एवढंच: 'आज जमलं नाही. उद्या दुप्पट.' त्याच्या पुढच्या पानावर 'दोनऐवजी चार तास' असं लिहिलेलं, खूण मात्र नाही. त्याच्या पुढे 'शनिवारी सगळा बॅकलॉग संपवायचा.' शनिवारचं पान कोरं, आणि तिथून डायरी संपेपर्यंत सगळीच पानं कोरी. काही महिन्यांनी नवी डायरी, नवे रंग, आणि पुन्हा पहिल्या पानावर तेच वाक्य.

"नव्याचे नऊ दिवस," त्या म्हणाल्या. पण डायऱ्या वेगळंच सांगत होत्या. उत्साह हळूहळू ओसरत गेला आणि काम बंद पडलं, असं एकाही डायरीत दिसत नव्हतं. प्रत्येक डायरीत काम जोरात चालू असताना एक दिवस हुकला होता आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत सगळं थांबलं होतं. दिवस हुकण्याची कारणं दर वेळी निराळी होती: मुलाचा ताप, ऑफिसचं ऑडिट, अचानक आलेले पाहुणे. सारखा होता तो दुसऱ्या दिवशीचा हिशोब.

तो हिशोब नीट मांडून पाहिला तर त्यातली अडचण लगेच लक्षात येते. ज्या घरात दिवसाचे दोन तास काढताना ओढाताण होते, तिथे चार तास कुठून येणार? ते येत नाहीत, मग तिसऱ्या दिवशीचं देणं सहा तासांचं होतं. चुकलेला वेळ थकबाकीसारखा पुढे ओढला जातो आणि त्यावर अपराधीपणाचं व्याज चढतं. तीन दिवसांपूर्वी फाइल उघडणं म्हणजे लिहायला बसणं होतं. आता फाइल उघडणं म्हणजे आपण किती मागे आहोत ते पाहणं. अशी फाइल कोण आनंदाने उघडेल? लोक याला आळस म्हणतात. मला ही टाळाटाळ अगदी समजण्यासारखी वाटते.

मानसशास्त्रात ही घसरण ओळखीची आहे. पीटर हर्मन आणि जॅनेट पॉलिव्ही हे संशोधक डाएट करणाऱ्यांचा अभ्यास करत होते. 1975 मध्ये हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी केलेल्या एका प्रयोगात काही जणांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खाऊ दिलं. ज्यांचं खाण्यावर बंधन नव्हतं, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर कडक बंधन घालून घेणाऱ्यांनी मात्र जास्त खाल्लं. आजचा दिवस तसाही गेलाच आहे, मग आता कशाला आवरा, असा तो मनाचा पवित्रा. डाएटच्या जागी प्रबंध ठेवा, आणि डायरीतली कोरी पानं समजायला लागतात. खरं नुकसान पहिल्या चुकलेल्या दिवसाने होत नाही. त्या दिवसाचा आपण जो अर्थ लावतो, त्याने होतं.

चुकलेला एखादा दिवस खरोखर किती महागात पडतो, याचंही उत्तर उपलब्ध आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांना रोज करायची एखादी नवी गोष्ट निवडायला सांगितली आणि ती अंगवळणी कशी पडते ते 84 दिवस पाहिलं. 2010 मध्ये छापलेल्या या अभ्यासातला 66 दिवसांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण तो मधला आकडा आहे. माणसामाणसांत फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता, आणि त्यातला वरचा आकडा तर अभ्यास संपल्यानंतरचा, गणिती अंदाजाने काढलेला आहे. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही: अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा खंड पडत नाही. बाईंना हे दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या दिवसासाठी मी अख्खं वर्ष सोडून दिलं, तो दिवस मोजण्यासारखासुद्धा नव्हता."

काय ठरवलं

पहिला बदल उद्दिष्टाच्या शब्दांत केला. 'प्रबंध सबमिट' हे उद्दिष्ट स्पष्ट होतं, पण इतकं दूर होतं की आज सकाळी काय करायचं याबद्दल ते काहीच सांगत नव्हतं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी अनेक दशकांच्या संशोधनातून दाखवलं आहे की 'जमेल तितकं करा' यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं की काम जास्त होतं. त्याच्या जोडीला अल्बर्ट बँड्युरा आणि डेल शंक यांचा 1981 चा अभ्यास ठेवावा लागतो. गणितात मागे पडलेल्या मुलांना त्यांनी वजाबाकी शिकवली. जवळची छोटी उद्दिष्टं मिळालेली मुलं फक्त शेवटचं उद्दिष्ट मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली, आणि त्यांना गणिताची गोडीही जास्त लागली. आम्ही प्रबंध हा शब्दच काही काळ बाजूला ठेवला. नवं उद्दिष्ट: तिसऱ्या चॅप्टरचा, मॅडमना वाचता येईल असा, पूर्ण मसुदा. उत्तम वगैरे नाही, फक्त वाचता येईल असा.

त्याला किती दिवस लागतील, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं: "मनावर घेतलं तर तीन आठवडे." मी त्यांना दुसऱ्या चॅप्टरच्या जुन्या फाइलींच्या तारखा पाहायला सांगितल्या. पहिली फाइल आणि मॅडमना पाठवलेली फाइल यांच्यात जवळजवळ पाच महिन्यांचं अंतर निघालं. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या आंधळ्या आशावादाकडे लक्ष वेधलं होतं: पुढच्या कामाचा अंदाज बांधताना आपण मनातल्या योजनेकडे बघतो, मागच्या अनुभवाकडे नाही. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रबंधिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तोच प्रश्न विचारला. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. 'सगळं बिनसलं तर किती लागतील?' याचंही त्यांचं उत्तर साधारण 49 दिवस होतं, म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजसुद्धा कमीच पडला. बाईंनी अखेर दहा आठवडे धरले. मला तेही कमी वाटत होते, पण अंदाज त्यांचा असायला हवा होता.

वेळ ठरवताना पहाटे पाचचा हट्ट सोडावा लागला. त्या कधीच पहाटे उठणाऱ्यांतल्या नव्हत्या. पहाटेचा अभ्यास चांगला, हे त्यांनी कुठून तरी उचललं होतं एवढंच. दिवसाची उलटतपासणी केली तेव्हा एक जागा सापडली. मुलाला शाळेत सोडून त्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचत आणि तो पाऊण तास मेल चाळण्यात जाई. पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात 'अमुक झालं की तमुक करीन' अशा साच्यातल्या निश्चयांचा अभ्यास सुरू केला. 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा अशा बांधून ठेवलेल्या निश्चयाचा फायदा चांगलाच जाणवण्याइतका निघाला. कारण साधं आहे. आता बसू का, थोड्या वेळाने बसू, हा रोजचा वाद त्यात उरत नाही. प्रसंगच आठवण करून देतो. बाईंनी त्यांच्या शब्दांत वाक्य लिहिलं: 'पर्स ड्रॉवरमध्ये ठेवली की, मेल उघडायच्या आधी, चॅप्टरची फाइल उघडायची.' बसायचं चाळीस मिनिटं. उठताना एक वाक्य अर्धवट सोडायचं, म्हणजे उद्या सुरुवात कुठून हा प्रश्न नको.

या सगळ्याहून महत्त्वाचं होतं हुकलेल्या दिवसाचं वाक्य, आणि ते बनवायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांची पहिली आवृत्ती होती: 'एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी किमान एक तास जास्त.' म्हणजे ये रे माझ्या मागल्या. मी म्हटलं, जास्तीचं एक मिनिटही नको. त्यांना ही सूट वाटली, लाड वाटले. शिस्त म्हणजे भरपाई हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की भरपाई सोडणं म्हणजेच काम सोडणं असं वाटायला लागतं. शेवटी वाक्य असं ठरलं: 'काल जमलं नसेल तर आज नेहमीइतकंच.' सोबत आठवड्याला दोन राखीव दिवस ठेवले. लक्ष्य आठवड्यातले सहा दिवस, पण खरंच अडचण आली तर दोन दिवस वापरायला मोकळे. मॅरिसा शरीफ आणि सुझान शू यांनी 2017 मध्ये दाखवलं आहे की अवघड लक्ष्य आणि सोबत थोडे आपत्कालीन राखीव दिवस ही जोडी निव्वळ अवघड किंवा निव्वळ सोप्या लक्ष्यापेक्षा माणसाला जास्त टिकवते. लोक ते राखीव दिवस सहसा जपून वापरतात आणि चूक झाली तरी खेळातून बाहेर पडत नाहीत.

नोंदीला नवी डायरी घ्यायची नाही, हे मी आग्रहाने सांगितलं. शेवटच्या डायरीतल्या कोऱ्या पानांवरच पुढे लिहायचं. रोज एक ओळ: तारीख, बसले की नाही, उद्या कुठून. आणि दर शनिवारी धाकट्या बहिणीचा फोन. तिला एकच प्रश्न विचारायची मुभा होती: "ताई, या आठवड्यात किती दिवस बसलीस?" किती पानं झाली, हे विचारायचं नाही. प्रगतीच्या नोंदीवर बेंजामिन हार्किन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 138 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नोंद ठेवल्याने उद्दिष्ट गाठण्याची शक्यता वाढते, आणि ती नोंद कागदावर असेल किंवा कुणाला सांगितली जात असेल तर आणखी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. लेखनापुरतं बोलायचं तर रॉबर्ट बॉइस यांनी 1989 मध्ये 27 प्राध्यापकांच्या छोट्या गटात हेच पाहिलं. सवड मिळेल तसं लिहिणाऱ्यांची वर्षाला सरासरी 17 पानं झाली, रोज थोडं लिहिणाऱ्यांची 64, आणि रोज लिहून शिवाय कुणाला तरी हिशोब देणाऱ्यांची 157. गट लहान होता, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. पण फरकाची दिशा मी इतरत्रही पाहिली आहे.

काय घडलं

पहिले चार आठवडे सुरळीत गेले. ते सगळ्याच डायऱ्यांमध्ये गेले होते, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही.

पाचव्या आठवड्यात मूल आजारी पडलं आणि सलग पाच दिवस गेले. राखीव दिवस दोनच होते. शनिवारी बहिणीला त्यांनी 'शून्य' असं सांगितलं, आणि बहिणीने ठरल्याप्रमाणे "बरं, सोमवारी बस" एवढंच म्हटलं. इथपर्यंत योजना टिकली. पण रविवारी बाई सकाळीच बसल्या आणि सहा तास उठल्या नाहीत. सोमवारी फाइल उघडली नाही, मंगळवारीही नाही. 'उद्या दुप्पट' मागच्या दाराने परत आलं होतं.

भेटीत आमचा वाद झाला, आणि त्यांचा मुद्दा कमकुवत नव्हता. "रविवारी मी सात पानं लिहिली. ते काम नाही का? वेळ मिळाला तेव्हाही लिहायचं नाही, हा कसला नियम?" ते कामच होतं, हे मला मान्य करावं लागलं. मग प्रश्न उरला तो असा: रविवारी बसताना मनात काय होतं? लिहायला मजा येत होती म्हणून त्या बसून राहिल्या की पाच दिवसांचं देणं फेडायला? त्या थोडं थांबून म्हणाल्या, "मी पानं मोजत होते. पाच दिवसांची पानं झाली तेव्हाच उठले." यातून नियमात एक बारीक दुरुस्ती झाली, आणि ती मला आजही योग्य वाटते. लांब बैठकीला बंदी नाही. पण ती मागची बाकी फेडायला असेल तर बसायचं नाही, आणि कितीही लांब बैठक झाली तरी दुसऱ्या दिवशीची चाळीस मिनिटं त्यातून वजा होत नाहीत.

इथे मी त्यांना मायकल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांच्या 2010 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला फटकारलं की माणूस सुधारतो, या समजाच्या हे नेमकं उलट आहे. फटकारल्याने वाईट वाटतं, आणि वाईट वाटू नये म्हणून माणूस ते कामच टाळतो. बाईंच्या डायरीत त्या आठवड्याची नोंद दोन शब्दांची आहे: 'आजारपण. पुढे.'

दुसरी अडचण मला आधी दिसायला हवी अशी होती, पण नोंदीत ती दिसत नव्हती. आठव्या आठवड्यात सहापैकी सहा दिवस भरले, नवव्यातही सहा. शनिवारचे फोन खुशीत झाले. प्रत्यक्षात त्या बारा दिवसांत एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहिला जात होता. तिथे सर्वेक्षणातल्या आकड्यांचं विश्लेषण कसं मांडायचं हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांना येत नव्हतं. दिवस मोजण्याची पद्धत सुरुवातीला उपयोगी पडली, कारण तिने पानांचं दडपण काढलं. पण काम आतून थांबलेलं असताना तीच पद्धत सगळं ठीक चाललंय असं दाखवत राहिली. जे येत नाही ते सवयीने येत नाही, ते शिकावं लागतं. कामाची रीतच माहीत नसेल तेव्हा निकालाचं उद्दिष्ट देऊ नये, शिकण्याचं द्यावं, हे लेथम यांनीही पुढच्या संशोधनात सांगितलं आहे.

मग मॅडमना का विचारलं नाही? कारण सहा वर्षांनंतर इतका मूलभूत प्रश्न विचारायची लाज वाटत होती. मला वाटतं, दीड वर्षाच्या खोळंब्याचं हे दुसरं आणि कदाचित जास्त खोल कारण होतं. 'उद्या दुप्पट'च्या गोंधळात ते झाकलं गेलं होतं. काम रोज होऊ लागलं तेव्हाच ते उघडं पडलं. दहाव्या आठवड्याचं उद्दिष्ट आम्ही बदललं: लेखन शून्य, मॅडमसाठी तीन नेमके प्रश्न लिहून काढायचे आणि भेटीची वेळ घ्यायची. प्रश्न दोन दिवसांत लिहून झाले. वेळ मागणारा मेल पाठवायला चार दिवस लागले. भेट अर्ध्या तासाची झाली, आणि मॅडमनी वेगळी रीत सुचवून एक तयार नमुना वाचायला दिला.

चौदाव्या आठवड्यात तिसऱ्या चॅप्टरचा मसुदा गेला. दहाचे चौदा झाले, तरी आधीच्या दीड वर्षाच्या मानाने ही झेप होती. तीन आठवड्यांनी तो लाल खुणांनी भरून परत आला, आणि दुरुस्त्यांच्या पहिल्याच आठवड्यात दोन दिवस पुन्हा कोरे गेले. तिसऱ्या दिवशी नोंद आहे: 'नेहमीइतकंच. पान 4 वरचा तक्ता.'

एका प्रकरणावरून काय म्हणता येतं

कशाने किती फरक पडला, हे एका माणसाच्या गोष्टीवरून सांगता येत नाही. वेळ बदलली, उद्दिष्ट लहान झालं, बहिणीचा फोन आला, भरपाई बंद झाली, मॅडमची भेट झाली. सगळं एकाच काळात घडलं. शिवाय कुणीतरी आपलं ऐकून घेतंय, याचाही आधार असतो. बाईंचं स्वतःचं मत आहे की फोन नसता तर पाचव्या आठवड्यातच सगळं संपलं असतं. माझा कौल हुकलेल्या दिवसाच्या वाक्याला आहे, कारण आधीच्या प्रत्येक डायरीत काम जिथे तुटलं होतं, नेमक्या त्याच जागी या वेळी ते तुटलं नाही.

ही पद्धत कुठे चालणार नाही, हेही सांगायला हवं. परीक्षेची किंवा अर्जाची ठाम तारीख दोन आठवड्यांवर असेल, तर 'आज नेहमीइतकंच' परवडत नाही. तिथे भरपाई करावीच लागते आणि लोक ती करतातही. उद्दिष्ट दुसऱ्या कुणाच्या इच्छेखातर उचललेलं असेल, तर कितीही नेमकी आखणी करा, ते तग धरत नाही. बाईंना आम्ही सुरुवातीलाच विचारलं होतं की हा प्रबंध सोडून दिला तर काय होईल. सोडणं हाही खरा पर्याय होता, आणि त्यांनी तो दोन दिवस खरोखर तपासून पाहिला. नोकरीत त्यामुळे काही बिघडणार नव्हतं. तरी प्रश्नावल्या भरून देणाऱ्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीत, त्यांनी सांगितलेलं कुठेतरी नोंदलं जायला हवं, असं त्या म्हणाल्या. ते कारण त्यांचं स्वतःचं होतं.

हे लिहीत असताना चौथ्या चॅप्टरचं काम चालू आहे आणि दुसरी मुदतवाढ मंजूर झाली आहे. चौथ्यासाठी त्यांनी पंधरा आठवडे धरले आहेत. विश्लेषणाचे प्रश्न या वेळी पहिल्याच आठवड्यात मॅडमकडे गेले. शनिवारच्या फोनमध्ये एक प्रश्न वाढला आहे, तोही बाईंनीच सुचवलेला: "ताई, कुठे अडलंय का?"